डिटेक्टरवर शून्य दिसतोय, पण तो खरा आहे का?

हायड्रोजन डिटेक्टरच्या डिस्प्लेवर शून्य दिसला की प्लांटमधले सगळे निवांत होतात आणि मला नेमकी त्या शून्याचीच काळजी लागते. कारण गॅस नसताना चांगला डिटेक्टर शून्य दाखवतो आणि सेन्सर मेलेला डिटेक्टरपण शून्यच दाखवतो, बाहेरून दोघांत काडीचा फरक कळत नाही. मी राहायला भुसावळला, जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटची कामं करतो, आणि त्यात गॅस डिटेक्टरचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेला गॅस देऊन आकडा बरोबर येतो का ते तपासणं आणि जुळवणं, हे माझं सगळ्यात जिव्हाळ्याचं काम. आयटीआय करून नवीन कामाला लागलेली पोरं फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकतो.

पहिला प्रश्न कायम हाच, की खान्देशात हायड्रोजन आला कुठून? अरे बाबांनो, आपल्या दीपनगरच्या वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे संच आहेत, एवढे मोठे जनरेटर थंड ठेवायला आत हायड्रोजनच भरलेला असतो, तोही तीन-चार किलोच्या प्रेशरने. वनस्पती तुपाच्या कारखान्यात तेलातून हायड्रोजन सोडतात तेव्हाच तेल घट्ट होतं. आणि या दोन्हींपेक्षा जास्त ठिकाणी, जिथे कोणाचं लक्षच नसतं, ती म्हणजे बॅटरी रूम. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरही चार्जर चालू राहिला की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, हिशोबाने एका सेलमागे दर अँपिअर-अवरला साधारण ०.४२ लिटर. ११० सेलची बँक धरा, बूस्ट, म्हणजे जोराच्या, चार्जिंगला २० अँपिअर जातोय धरा, तर सगळा करंट गॅस करण्यात जायला लागला की तासाला ९०० लिटरच्या वर हायड्रोजन. आणि एक्झॉस्ट फॅन बंद, का तर म्हणे आवाज करतो.

आता पुढचं सगळं ज्या आकड्यावर उभं आहे तो आकडा. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो, आणि तिथून पुढे जवळजवळ ७५ टक्क्यांपर्यंत पेटण्यासारखाच राहतो. या खालच्या मर्यादेला एलईएल म्हणतात. म्हणजे डिटेक्टरवर १०० टक्के एलईएल दिसलं तर हवेत ४ टक्के हायड्रोजन आहे, ५० टक्के एलईएल म्हणजे २ टक्के, म्हणजेच २०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). १ टक्का एलईएल म्हणजे ४०० पीपीएम. हे तोंडपाठ पाहिजे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, कारण अर्धे घोळ इथेच होतात, एकजण टक्के व्हॉल्यूममध्ये बोलतो आणि दुसरा टक्के एलईएलमध्ये ऐकतो. पेटायला ठिणगी किती लागते तर ०.०२ मिलीज्यूलच्या आसपास, मिथेनला लागते त्याच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. वास नाही, रंग नाही, पेटला तरी दिवसाउजेडी ज्योत जवळपास दिसत नाही. माझ्यासोबत एक नवा हेल्पर होता, शिडी धरून वर बघत म्हणाला, "भो, वास त येत नही, मंग गॅस कुठला?" मी त्याला म्हटलं, म्हणूनच तर हे यंत्र वर टांगलंय. हवेपेक्षा चौदापट हलका गॅस आहे, सुटला की सरळ छताला जातो, म्हणून डिटेक्टरही छताजवळच पाहिजे. एलपीजीची सवय असलेली माणसं तो गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून मोकळी होतात, मग त्याचं कितीही चांगलं कॅलिब्रेशन करा, उपयोग शून्य.

बहुतेक ठिकाणी जो डिटेक्टर असतो तो कॅटॅलिटिक, आपण त्याला पेलिस्टर म्हणतो. कोळसा खाणीतल्या गॅससाठी ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास हा प्रकार विकसित झाला आणि अजून चालतोय. आत दोन बारीक मणी असतात, प्लॅटिनमच्या तारेवर बसवलेले, साधारण ५०० डिग्रीला तापलेले. एकावर कॅटॅलिस्ट, म्हणजे गॅस जळायला मदत करणारा थर, असतो, दुसऱ्यावर नसतो. हायड्रोजन आला की कॅटॅलिस्टवाल्या मण्यावर तो जळतो, मणी अजून तापतो, तारेचा रेझिस्टन्स वाढतो, दोन मण्यांची तुलना करणाऱ्या सर्किटचा, म्हणजे ब्रिजचा, तोल जातो आणि तो फरक म्हणजे आपलं रीडिंग. आता यातली मेख बघा. कॅटॅलिस्ट खराब झाला तर मणी तापलेलाच राहतो, तार शाबूत, ब्रिज तोलात, आउटपुट बरोब्बर ४ मिलीअँपिअर (४ म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण रेंज), पॅनलवर शून्य, फॉल्टचा दिवा नाही, काहीच नाही. तार तुटली तर यंत्र ओरडून सांगेल. कॅटॅलिस्ट मेला तर ते गप्प बसेल. त्याला बोलतं करायचा एकच मार्ग, खरा गॅस देऊन बघणे.

आणि कॅटॅलिस्ट मारणाऱ्या वस्तू आपल्या अवतीभवतीच असतात. सिलिकॉन सगळ्यात वाईट. खिडकीच्या काचेला लावायचं सीलंट, बेल्टवर मारायचा स्प्रे, पॉलिश, काही ग्रीस, यातल्या सिलिकॉनची वाफ मण्यावर जाऊन जळते आणि त्यावर काचेसारखा थर बसतो, तो परत निघत नाही. शिशाची संयुगं तशीच. हायड्रोजन सल्फाइड आणि क्लोरीनवाली द्रव्यं जरा वेळ सेन्सर दाबून ठेवतात, मग स्वच्छ हवेत तो थोडाफार परत येतो. म्हणून बॅटरी रूमला रंग दिलाय का, काचा नवीन बसवल्यात का, हे मी कॅलिब्रेशनच्या आधी विचारतो. लोकांना वाटतं हा माणूस गप्पा मारतोय, पण मला त्या उत्तरावरूनच कळतं की वर काय सापडणार आहे.

आता प्रत्यक्ष काम. परमिट घेतलं, कंट्रोल रूमला सांगून अलार्म आणि ट्रिप (प्लांट आपोआप बंद करणारी यंत्रणा) इनहिबिट करून, म्हणजे तात्पुरते रोखून, घेतले, वॉकीटॉकीवर एक माणूस स्क्रीनसमोर बसवला, त्याशिवाय शिडीवर चढायचंच नाही. वर गेल्यावर पहिलं काम ॲडजस्टमेंट अजिबात करायची नाही. आधी गॅस द्यायचा आणि यंत्र काय दाखवतंय ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. याला ॲज फाउंड रीडिंग म्हणतात, आणि माझ्या मते अख्ख्या कॅलिब्रेशनमधली सगळ्यात किमती ओळ हीच आहे, आणि हीच बरेच जण खातात. थेट झिरो दाबलं (गॅस नसतानाचा आकडा शून्यावर आणला), स्पॅन दाबलं (गॅस दिल्यावरचा आकडा हवा तिथे आणला), पास, स्टिकर लावला, खाली उतरले. मग तो डिटेक्टर मागचे सहा महिने काय करत होता हे कोणालाच कळत नाही.

उदाहरण सांगतो म्हणजे कळेल. एका ठिकाणी ५० टक्के एलईएलचा गॅस दिला तर रीडिंग ३१ वर येऊन थांबलं. अलार्म सेट होता २० ला. आता हिशोब करा, यंत्र जे आहे त्याच्या ६२ टक्केच दाखवतंय, म्हणजे त्याच्या लेखी २० व्हायला खोलीत खरं ३२ टक्के एलईएल व्हावं लागेल. दुसरा अलार्म ४० ला होता, तो वाजायला खरं जवळजवळ ६५ टक्के लागेल. म्हणजे कागदावर अलार्म आहे २० आणि ४०, खोलीत आहे ३२ आणि ६५, आणि हे असं किती दिवसांपासून होतं कोणास ठाऊक. स्पॅन दाबून तो ५० केला असता तर हे सगळं पुसून गेलं असतं. मी सेन्सर बदलायला लावला, कारण एवढा खाली गेलेला मणी गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं प्रमाण, वाढवून वर आणला तरी तो पुढे अजून झपाट्याने पडतो आणि पुढच्या तारखेपर्यंत तग धरत नाही.

गॅस कोणता, यावर सगळ्यात जास्त वाद मी घातलेत. कॅटॅलिटिक सेन्सरला हायड्रोजन जाळायला ऑक्सिजन लागतो, म्हणून सिलिंडर २ टक्के हायड्रोजन, बॅलन्स एअर (म्हणजे बाकी सगळी हवा) असाच पाहिजे. ऑर्डर देताना फक्त "हायड्रोजन २ टक्के" लिहिलं की कधी कधी बॅलन्स नायट्रोजनवाला येतो, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. त्या गॅसवर रीडिंग आधी थोडं उसळतं, मग आतला ऑक्सिजन संपला की खाली बसतं, आणि माणूस समजतो सेन्सर गेला, किंवा त्याहून वाईट म्हणजे गेन ताणून ५० करून टाकतो. मग पुढे जराशा गॅसवर अलार्म वाजत राहतात आणि शेवटी ऑपरेटर वैतागून तो चॅनेलच बायपास करतो. सिलिंडरवरची एक्स्पायरी बघा, सर्टिफिकेटवरचं प्रत्यक्ष कॉन्सन्ट्रेशन बघा. २ ऐवजी १.९६ लिहिलेलं असेल तर ते ४९ टक्के एलईएल झालं, मग स्पॅन ४९ ला सेट करायचा, ५० ला नाही.

मिथेनचा सिलिंडर आहे, त्यावरच करून द्या ना भाऊ, ही मागणीसुद्धा नेहमीची. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये करेक्शन फॅक्टर असतो, त्याने गुणून काम चालवता येतं हे खरं आहे, पण तो फॅक्टर नव्या सेन्सरचा असतो. सेन्सरला विष चढायला लागलं की मिथेनचा रिस्पॉन्स आधी पडतो, हायड्रोजन सहज जळणारा असल्यामुळे त्याचा नंतर पडतो, म्हणजे दोघांमधलं गुणोत्तरच बदलतं आणि आपला गुणाकार कोलमडतो. ज्या गॅसपासून धोका आहे त्याच गॅसने तपासा, माझं सरळ म्हणणं आहे. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा, त्याच डिटेक्टरवर तुम्ही मिथेनसाठीही विसंबून असाल तर हायड्रोजनने बंप टेस्ट (फक्त गॅस दाखवून अलार्म वाजतो का तेवढं बघणं) पास झाली म्हणजे मिथेन दिसेलच असं धरू नका.

फ्लोचं फार बोलत नाही, मॅन्युअलमध्ये असेल तो ठेवा, साधारण मिनिटाला अर्धा लिटर ते एक लिटर. त्यासाठी फिक्स फ्लोचा रेग्युलेटर घ्या, हाताने कॉक फिरवून अंदाजाने गॅस सोडणारे लोक बघितले की जीव वर-खाली होतो. जास्त फ्लो दिला तर रीडिंग फुगतं, मग गेन कमी केला जातो आणि खऱ्या गळतीत यंत्र कमी दाखवतं. कमी फ्लो असेल तर कपच्या कडेने बाहेरची हवा शिरते. कप नीट बसवा, नळी छोटी ठेवा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा.

झिरोबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे. आजूबाजूची हवा स्वच्छ आहे असं समजून झिरो मारणं ही रोजची पद्धत आहे, आणि बॅटरी रूममध्ये बूस्ट चार्जिंग चालू असताना हीच गोष्ट घातक आहे. खोलीत समजा ५ टक्के एलईएल हायड्रोजन आहे आणि तुम्ही त्यालाच शून्य ठरवलं, तर तिथून पुढे प्रत्येक रीडिंग ५ ने कमी, आणि रात्री खोली हवेशीर झाली की मायनस रीडिंग. बरेच पॅनल मायनस दाखवतच नाहीत, तिथेही शून्यच दिसतो. म्हणून झिरो एअरचा, म्हणजे गॅस नसलेल्या स्वच्छ हवेचा, छोटा सिलिंडर सोबत ठेवायचा. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

वर डिटेक्टरच्या डिस्प्लेवर ५० आलं म्हणजे काम झालं असंही नाही. खाली स्क्रीनवर किती दिसतंय? ५० टक्क्यांना लूपमध्ये, म्हणजे डिटेक्टर ते पॅनलच्या वायरीत, १२ मिलीअँपिअर पाहिजे, २० टक्क्यांना ७.२. एका कारखान्यात वर ५० आणि खाली २५, सगळे सेन्सरला दोष देत होते. मल्टिमीटर लावला तर १२ चा १२ मिलीअँपिअर. मग कळलं की नवीन पॅनल बसवताना त्या चॅनेलची रेंज ० ते ५० भरली होती आणि ट्रान्समीटर, म्हणजे वरचा डिटेक्टर, ० ते १०० चा होता. वर्ष-दीड वर्ष कागदावर सगळं पास, कारण कॅलिब्रेशन करणाऱ्याने वरचा डिस्प्ले बघितला आणि कंट्रोल रूमवाल्याने शून्य बघितला, आणि शून्य दोन्हीकडे सारखाच असतो ना. म्हणून वॉकीटॉकीवाला माणूस पाहिजेच, मी वर गॅस देतोय तेव्हा त्याने आकडा मोठ्याने वाचायचा आणि अलार्म खरंच वाजला का तेही सांगायचं.

सेन्सरची जात न बघता केलेली खरेदी हा वेगळाच ताप आहे. इन्फ्रारेड डिटेक्टर मिथेन, एलपीजीसाठी फार छान, विषबाधा नाही, ऑक्सिजनची गरज नाही. पण हायड्रोजनचा रेणू इन्फ्रारेड शोषतच नाही, त्यामुळे तो या डिटेक्टरला दिसतच नाही, कितीही गॅस सोडा. तरी बॅटरी रूममध्ये इन्फ्रारेड लावलेला मी बघितलाय, वर्षाला प्रोपेनने कॅलिब्रेट होत होता आणि दरवेळी पास! याच्या उलट कार्बन मोनॉक्साइडचा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर (गॅसच्या रासायनिक क्रियेतून करंट तयार करणारा), त्याला हायड्रोजनचाही रिस्पॉन्स येतो. त्यामुळे चार गॅसवालं पोर्टेबल मीटर घेऊन बॅटरी रूममध्ये गेलं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला की लोक जनरेटरचा धूर शोधत हिंडतात, आणि हायड्रोजन डोक्यावर असतो. आपल्याकडे रावेर-यावलकडच्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये इथिलीन सोडतात, त्यालाही हे सेन्सर रिस्पॉन्स देतात, तिथे काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. लोडशेडिंगमुळे गावोगावी घरात इन्व्हर्टर आहेत, बंद खोलीत बॅटरी ठेवली असेल तर निदान वरच्या बाजूला झरोका असू द्या रे.

जनरेटरच्या आतली शुद्धता मोजायचं यंत्र हा तर स्वतंत्र विषय, तिथे हवाच नाही म्हणून पेलिस्टर चालत नाही. तिथे थर्मल कंडक्टिव्हिटी वापरतात, हायड्रोजन हवेपेक्षा जवळजवळ सातपट चांगली उष्णता वाहून नेतो त्यावर. आत शुद्धता ९७-९८ च्या वर ठेवतात, म्हणजे पेटायच्या वरच्या मर्यादेपासून लांब, आणि गॅस भरताना-काढताना मध्ये कार्बन डायऑक्साइड घालतात म्हणजे हवा आणि हायड्रोजनची गाठच पडत नाही. याच्या कॅलिब्रेशनमध्ये मला आवडणारी एक गोष्ट आहे. ८० ते १०० टक्क्यांच्या रेंजला एका टोकाला शुद्ध हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला ८० टक्के हायड्रोजन अधिक २० टक्के नायट्रोजन देतात. खरं तर मोजायचंय हवेचं प्रमाण, पण हायड्रोजन आणि हवा अशी मिसळून सिलिंडरमध्ये भरणं किती जोखमीचं, आणि नायट्रोजनची उष्णता वाहण्याची ताकद हवेच्या अगदी जवळची, म्हणून तो हवेच्या जागी चालतो. म्हणजे इथे बॅलन्स नायट्रोजन बरोबर आणि वरच्या पेलिस्टरला तोच चूक. कारण समजून घेतल्याशिवाय नियम पाठ करण्यात काही अर्थ नाही तो यामुळे.

आता आपला खान्देशी उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा पत्र्याखाली, छताला लागून किती असेल विचार करा, आणि हायड्रोजनचा डिटेक्टर तर तिथेच असतो. बऱ्याच इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरची मर्यादा ५० डिग्रीपर्यंत असते, त्यात आपली कोरडी हवा, आतलं इलेक्ट्रोलाइट सुकत जातं आणि सेन्सर मंद होतो. सकाळी सातला झिरो बघितला तर ठीक, दुपारी तीनला तोच दोन-चार टक्के सरकलेला. म्हणून मी उन्हाळ्यात एकदा भर दुपारीही झिरो तपासून घेतो, भले घामाच्या धारा लागोत. सिलिंडर मात्र जीपमध्ये उन्हात तापत ठेवायचा नाही. पावसाळ्यात उलटं, सिलिंडरचा गॅस कोरडा आणि बाहेरची हवा दमट, वाफेने जागा घेतल्यामुळे गॅस थोडा पातळ होतो, फरक मोठा नसतो पण असतो. आणि धूळ. फ्लाय ॲश, काळ्या मातीचा फुफाटा, जिनिंगजवळ असेल तर कापसाचे तंतू, हे सगळं सेन्सरपुढच्या जाळीदार धातूच्या चकतीत जाऊन बसतं. मणी ठणठणीत असतो आणि गॅस त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी गॅस दिला तर शेवटी ५० येतो, पण सावकाश, रांगत रांगत. म्हणून आकड्यासोबत वेळही लिहायची, ४५ ला पोचायला किती सेकंद लागले. मॅन्युअलमध्ये ३० सेकंद असेल आणि तुमच्या हातात दोन मिनिटं लागत असतील तर तो पास नाही, चकती बदला आणि परत घ्या.

किती दिवसांनी करायचं याचं एकच उत्तर कोणी देऊ शकत नाही. आयईसी ६००७९-२९-२ हे स्टँडर्ड याच विषयावर आहे, निवड, बसवणं, वापर, देखभाल सगळं त्यात आहे, पण गोणीभर धूळ उडणाऱ्या जागेला आणि एसी बॅटरी रूमला एकच तारीख कशी चालेल. मी नवीन ठिकाणी सुरुवात तीन महिन्यांनी करतो, मधे बंप टेस्ट. तीन-चार वेळचं ॲज फाउंड एकाखाली एक लिहिलं की दिसतं, ४९, ४८, ४८ असं चाललं असेल तर सहा महिन्यांवर जायला हरकत नाही, ४८, ४१, ३५ असं चाललं असेल तर महिन्यावर या आणि त्या खोलीत सिलिकॉन कुठून येतंय ते आधी शोधा. बॅलन्स एअरचा सिलिंडर, झिरो एअर, फिक्स फ्लोचा रेग्युलेटर आणि एक जाडसर वही, एवढं असलं की काम सुरू करता येतं.